आमचा खोकला

मराठी लेखकानें स्वतःस 'आम्ही' म्हणावें कीं 'मी' म्हणावें, याविषयींचा वाद जुन्या मासिकांच्या फायली चाळतांना पुष्कळदां दृष्टीस पडतो. 'आम्ही' म्हणणारावर अहंकाराचा आरोप होई, आणि 'मी' म्हणणारावर उथळपणाचा. आमच्यापुरता हा वाद २०१९ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत कायमचा मिटला. तेव्हांपासून आम्ही खरोखरीच दोघे आहों. एक आम्ही आणि दुसरा आमचा खोकला. बैठकीस दोघे जातों, पानावर दोघे बसतों, आणि प्रस्तुत लेखही दोघांनीं मिळूनच लिहिला आहे. मध्येंच एखादें वाक्य अकारण तुटलेलें आढळल्यास तेथें लेखणी त्याच्या हातीं होती असें वाचकांनीं समजावें.

गोष्टीचा आरंभ भाकरीपासून आहे. त्या वर्षींच्या उन्हाळ्यांत जेवतांना भाकरीचा घांस छातीच्या मध्यावर अडूं लागला. आम्हीं दोष प्रथम भाकरीला दिला, मग कवळीला, मग स्वतःच्या घाईला. वरून पाण्याचा घोट घेतला कीं घांस खालीं उतरे, म्हणून महिना दीड महिना पाण्यावर विसंबून राहिलों. पुढें पोळी अडूं लागली, आणि एके दिवशीं मऊ वरणभात अडला, तेव्हां मात्र आमच्या सौ.नीं आम्हांस न विचारतां मुलास बोलावून घेतलें. दुर्बीण घशांतून उतरवून पाहिल्यावर अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशीं गांठ दिसली, व ती कर्करोगाची ठरली. पांच आठवडे किरण व त्यांच्या जोडीला शिरेंतून औषध, मग थोडी उसंत, आणि मग शस्त्रक्रिया, असा क्रम ठरला. हा भाग लांबविण्यांत अर्थ नाहीं. ज्यांस तो ठाऊक आहे त्यांस सांगावा लागत नाहीं. ज्यांस ठाऊक नाहीं त्यांस तो तसाच राहो.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीं शल्यवैद्यांनीं एक पाठकोरा कागद घेऊन त्यावर चित्र काढून दाखविलें. अन्ननलिकेचा रोगट भाग भोंवतालच्या रसग्रंथींसह काढून टाकावयाचा, जठर शिवून त्याची निमुळती नळी करावयाची, ती नळी छातींत ओढून घ्यावयाची, आणि अन्ननलिकेचें जें टोक वर उरेल त्यास ती जोडावयाची. आम्हीं चौतीस वर्षें शाळेंत मराठी शिकविलें. 'जीव मुठींत धरणें', 'प्राण कंठाशीं येणें' हे वाक्प्रचार मुलांस कैक वेळां वाक्यांत उपयोग करावयास लावले. पण पोट छातींत घेऊन हिंडणें हा प्रयोग भाषेंत आम्हांस कोठें आढळला नव्हता. तो आमच्या देहावरच व्हावयाचा होता.

अर्थात् या प्रयोगाचे पहिले मानकरी आम्ही नव्हे. न्यूयॉर्क येथें फ्रान्झ टोरेक या शल्यवैद्यानें १९१३ सालीं एका वृद्ध स्त्रीची छातींतील अन्ननलिका काढून टाकली. जठर वर ओढून जोडणें त्या काळीं साधलेलें नव्हतें. म्हणून मानेजवळच्या एका छिद्रापासून पोटावरच्या दुसऱ्या छिद्रापर्यंत अंगाबाहेरून एक रबराची नळी बसविली. ती बाई त्या नळीच्या वाटेनें जेवत बारा वर्षांहून अधिक काळ जगली. पुढें १९३३ सालीं जपानांत तोरू ओसावा यांनीं जठर छातींत नेऊन जोडण्यांत मिळविलेलें यश प्रसिद्ध केलें, आणि १९४६ सालीं इंग्लंडांत आयव्हर लुईस यांनीं आधीं पोट व मग छातीची उजवी बाजू उघडून करावयाच्या शस्त्रक्रियेची जी पद्धत वर्णिली, तिच्याच वंशांतली आमची शस्त्रक्रिया. त्या रबरी नळीच्या बाईची आम्हांस फार वेळां आठवण होते. समोर येती, तर तिच्या धैर्याची वाखाणणी करण्यापूर्वीं आम्हीं तिला एवढेंच विचारलें असतें कीं, बाई, रात्रीं खोकला येई काय?

कारण आमचा खोकला हा त्या शस्त्रक्रियेचा शेष आहे. अन्ननलिका जठरास जेथें मिळते तेथें निसर्गानें स्नायूंचें एक कडें ठेवलेलें असतें. तें घांसाला खालीं जाऊं देतें, परत फिरूं देत नाहीं. आमचा रोग नेमका त्याच जागीं बसला होता, म्हणून रोगाबरोबर तें दारही गेलें. शिवाय पोटाच्या पोकळींत दाब अधिक व छातीच्या पोकळींत कमी असतो, त्यामुळें आंबट रस आणि पित्त यांची धांव स्वभावतःच वरच्या दिशेला. मनुष्य उभा असतो तोंपर्यंत गुरुत्वाकर्षण त्याची पाठ राखतें. तो आडवा झाला किंवा पायांतली वहाण काढावयास वांकला कीं रस घशाशीं येतो, त्यांतला एखादा थेंब श्वासाच्या वाटेकडे वळतो, आणि ढास लागते. आम्लता कमी करणाऱ्या गोळ्या आहेत व त्या आम्ही घेतोंही. पण त्यांनीं रसाचा आंबटपणा कमी होतो, रस वर येणें थांबत नाहीं. हें झालें एक कारण. खोकल्याची वर्दी मेंदूस पोंचविणाऱ्या मज्जातंतूच्या शाखा या शस्त्रक्रियेंत तोडाव्या लागतात किंवा दुखावतात, हें दुसरें. श्वासनलिकेलगतच्या रसग्रंथी खरवडून काढल्यानें ती जागा हुळहुळी राहते, हें तिसरें. खोकला कां येतो, या प्रश्नास चार डॉक्टरांनीं आम्हांस पांच उत्तरें दिलीं, आणि अडचण अशी कीं तीं पांचही बरोबर असावींत.

येथें एक तक्रार नोंदवून ठेवतों. शस्त्रक्रियेपूर्वीं ज्या कागदांवर आमची सही घेण्यांत आली त्यांत मृत्यूचा उल्लेख होता, रक्तस्रावाचा होता, सांधा गळण्याचा होता, खोकल्याचा नव्हता. आम्ही पडलों मास्तर. उत्तरपत्रिका तपासावी तसे ते कागद वाचले होते, म्हणून खात्रीनें सांगतों. उल्लेख असता तरी सही केलीच असती, हें उघड आहे. पण मृत्यूची पूर्वसूचना द्यावयाची आणि जो जन्माचा सोबती होणार त्याची ओळखही करून द्यावयाची नाहीं, हा शिष्टाचार आम्हांस अद्याप उमगलेला नाहीं.

घरीं आल्यावर आमच्या पलंगाच्या उशाकडील पायांखालीं दोन दोन विटा गेल्या. इतर माणसें अंथरुणावर निजतात, आम्ही उतरणीवर निजतों. प्रारंभीं तर पहाटेपर्यंत घसरत घसरत पायथ्याशीं येत असूं. दिवसांतून सहा वेळां जेवण, पण प्रत्येक वेळीं वाटीभर. जेवतांना पाणी नाहीं. शेवटचा घांस संध्याकाळीं साडेसहाच्या आंत, आणि त्यानंतर तीन तास आडवें व्हावयाचें नाहीं. गिळणें शिकविणाऱ्या एक बाई असतात, हें आम्हांस या निमित्तानें कळलें. हनुवटी छातीकडे वांकवून घांस कसा उतरवावा व ढास येतेसें वाटतांच नाकानें हळू श्वास घेऊन पाण्याचा लहानसा घोट गिळून तिला कशी टाळावी, हें त्यांनीं आम्हांस चार दिवस समोर बसवून शिकविलें. त्या आमच्या नातीच्या वयाच्या नसल्या तरी विद्यार्थिनीच्या वयाच्या खचित होत्या. चुकलें कीं 'पुन्हां करा' म्हणत. इतकीं वर्षें आम्हीं मुलांस जें ऐकविलें तें व्याजासह परत मिळालें.

औषधें सुचविणारांची गोष्ट निराळी. ज्येष्ठमधाची कांडी, भाजलेली लवंग, अडुळशाचा रस, आल्याचा रस व मध, हळद घातलेलें दूध, हें सारें आमच्या घरीं येणाऱ्या प्रत्येकानें सुचविलें, आणि ज्यानें तें सुचविलें त्याचा खोकला त्यानें गेलाच होता. आमचें पोट आतां छातींत आहे हें समजावून सांगावें तर समोरचा मनुष्य क्षणभर आमच्या छातीकडे पाही आणि म्हणे, 'तरी पण एकदां घेऊन पाहा.' आमच्या ओळखीच्या एका वृद्ध वैद्यांनीं मात्र निराळेपणा दाखविला. आयुर्वेदांत कासाचे पांच प्रकार सांगितले आहेत. वातज, पित्तज, कफज, क्षतज आणि क्षयज. त्यांनीं आमची सर्व हकीकत ऐकून घेतली, बराच वेळ विचार केला, आणि 'नांवापुरता क्षतज म्हणतां येईल, पण ग्रंथकारांस ही कल्पना नव्हती,' असें म्हणून औषध न देतांच चहा पाजून आम्हांस निरोप दिला. त्या दिवसापासून त्यांच्याविषयींचा आमचा आदर दुणावला आहे.

खोकला पांच महिन्यांचा झाला, आणि २०२० सालचा मार्च उजाडला. त्या महिन्यांत कोणासही फोन लावा, पलीकडे घंटा वाजण्याच्या आधीं एक अनोळखी इसम खोके व मग महामारीविषयींची सूचना सुरू होई. साऱ्या देशाच्या कानांवर खोकला म्हणजे धोका हें समीकरण असें दिवसांतून दहा वेळां पडत होतें, आणि नेमके त्याच वेळीं आम्ही समाजांत खोकत हिंडावयास लागलों होतों. त्या वर्षींचा पाडवा २५ मार्च रोजीं, म्हणजे देश घरांत कोंडला गेला त्याच दिवशीं आला. दारावर गुढी होती, रस्त्यावर चिटपांखरूं नव्हतें. घरांत केलेलें श्रीखंड आम्हीं चार चमचे खाल्लें, आणि अर्ध्या तासांत दरदरून घाम सुटून छाती धडधडूं लागली. गोड पदार्थ आतां जठरांत थांबत नाहीं, एकदम आंतड्यांत उतरतो व हा गोंधळ करतो, हेंही त्या दिवशीं शिकलों. पुढें किराण्याच्या दुकानापुढें खडूनें आंखलेल्या वर्तुळांत उभे असतां आम्हांस ढास लागली. पुढचे तिघे व मागचे चौघे दिसेनासे झाले, आणि वाण्यानें दुरूनच हात जोडून आमचें सामान सर्वांच्या आधीं पायरीवर ठेवलें. घरीं येऊन आम्हीं एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिलें, 'हा खोकला शस्त्रक्रियेचा आहे, सांसर्गिक नाहीं,' आणि तो खिशाला अडकविला. पण तो वाचतां येईल इतक्या जवळ कोणी आलें नाहीं.

हें विनोदानें लिहितां येतें, कारण आतां तें मागें पडलें. त्या वेळीं मात्र आम्हीं एक गोष्ट केली, जिची आज लाज वाटते. नारायण पेठेंत आमचे एक स्नेही राहतात. वयानें आमच्याहून वडील, पोस्टांतून निवृत्त झालेले, विलक्षण वाचक. काचबिंदूनें त्यांची दृष्टि गेली, तेव्हांपासून सात वर्षें आम्ही रोज दुपारीं चार वाजतां लकडी पूल ओलांडून त्यांच्याकडे जात असूं व तासभर वाचून दाखवीत असूं. आजारपणांत तें थांबलें. महामारींत कोणीच कोणाकडे जात नव्हतें, त्यामुळें न जाण्यास सबळ कारण मिळालें. पण २०२१ सालीं लस घेऊन झाल्यावरही आम्ही गेलों नाहीं. खरें कारण हें कीं, वाचतांना दर चार ओळींनीं खोकणारा वाचक होऊन त्यांच्यासमोर बसण्याची आमची तयारी नव्हती. वर्गांत टांचणी पडली तरी ऐकूं येईल अशा शांततेंत ज्याचा आवाज घुमला, त्याला तो आवाज मध्येंच फाटलेला दुसऱ्यास ऐकविणें जड जातें. त्यांच्या नातवानें त्यांच्या फोनवर मराठी वाचून दाखविणारी एक सोय करून दिली आहे, असें आम्हांस कळलें, आणि आम्हीं मनाची समजूत घातली कीं आतां आपली गरज राहिली नाहीं.

दिवाळीनंतर त्यांचाच फोन आला. कुशल प्रश्न वगैरे कांहीं नाहीं. 'अहो मास्तर, हें यंत्र इसवी सनाला इस म्हणतें. मला तें सोसवत नाहीं. उद्यां येतां ना?'

'आमचा खोकला ठाऊक आहे ना तुम्हांला?'

'मला दिसत नाहीं. ऐकूं येतें. चारला या.'

पहिला आठवडा फार वाईट गेला. ढास यावयाची ती शब्दाच्या मध्यावर यावयाची, आणि आमचे स्नेही दया म्हणून कसली ती करीत नाहींत. 'वाक्य तोडूं नका. पूर्णविरामापर्यंत कळ काढा,' असें त्यांनीं बजावलें. कळ काढणें सर्वस्वी आपल्या हातीं नसतें. पण गिळणें शिकविणाऱ्या बाईंची युक्ति येथें उपयोगीं पडली, आणि दोन तीन महिन्यांत दहापैकीं सहा ढासा तरी आम्ही विरामचिन्हापर्यंत पुढें ढकलूं लागलों. तेव्हांपासून मराठी गद्याकडे पाहण्याची आमची दृष्टि पालटली. आम्ही पूर्वीं विचार, कल्पना, भाषासौष्ठव पाहत असूं. आतां पूर्णविराम किती अंतरावर आहे तें पाहतों. लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' आम्हीं दोन महिन्यांत आनंदानें संपविलीं. त्या माउलीचीं वाक्यें बोलण्याइतकीं लांब, म्हणजे एका दमाचीं आहेत. विनोबांचीं 'गीताप्रवचनें' त्याहूनही सोपीं. धुळ्याच्या तुरुंगांत १९३२ सालीं बोललेलीं तीं व्याख्यानें बोलण्याच्याच श्वासावर चाललीं आहेत. गडकऱ्यांच्या 'बाळकरामां'त मात्र कोटीवर कोटी चढते, आणि शेवटची कोटी यावयाच्या आधीं हंसूं व खोकला यांची एकच गर्दी होऊन वाक्य रस्त्यांतच राहतें. ओवी ही खोकणारासाठींच निर्माण झाली असावी. प्रत्येक चरणाशीं थांबावयास जागा आहे. राहतां राहिले विष्णुशास्त्री. १८७४ सालीं 'निबंधमाला' काढणाऱ्या त्या तरुणाच्या छातींत केवढा दम होता, हें त्याची वाक्यें मोठ्यानें वाचल्यावांचून कळावयाचें नाहीं. टीकाकारांनीं त्याच्या शैलीविषयीं पुष्कळ लिहिलें आहे. त्यांतल्या किती जणांनीं ती मोठ्यानें वाचली होती, याची आम्हांस शंका आहे.

२०२२ च्या पावसाळ्यांत एके दिवशीं वाचन अर्ध्यावर आलें असतां स्नेह्यांनीं हात वर केला.

'मास्तर, खोकला बदलला आहे.'

आम्हांस कांहीं वाटलें नव्हतें. आमच्या घरांतल्या मंडळीसही नाहीं. घड्याळाच्या टिकटिकीसारखा तो घरानें ऐकणेंच सोडून दिलें होतें. 'तीन दिवस झाले. पूर्वीं कोरडा होता, वरच्यावर होता. आतां खालून येतो, आणि शेवटीं घरघर राहते. डॉक्टरांना दाखवा.' आम्हीं पुस्तक पुढें वाचूं लागतांच त्यांनीं तें चांचपून आमच्या हातांतून काढून घेतलें. परततांना पुलावर आमचे पाय लटपटत होते, हें कबूल करतों. अशा रोगांतून उठलेल्या मनुष्यास अंगांतला कोणताही बदल एकाच शब्दांत ऐकूं येतो. घरीं आम्हीं बेतानेंच सांगितलें, तरी सौ.चा चेहरा पाहतां पाहतां उतरला. त्या रात्रीं आमच्यापैकीं कोणी झोपलें नाहीं, व कोणी तसें दाखविलेंही नाहीं. छायाचित्रें निघालीं, रक्त तपासलें, आणि दोन दिवसांनीं निघाला तो फुप्फुसाचा दाह. अन्नाचा कण श्वासनलिकेंतून खालीं उतरून उजव्या बाजूस तळाशीं सूज धरली होती. जुना रोग परतला नव्हता. आठ दिवस रुग्णालयांत काढावे लागले. आणखी उशीर झाला असता तर काय झालें असतें, हें तेथल्या तरुण डॉक्टरांनीं फारच मोकळेपणानें सांगितलें. लवकर कसें ओळखलेंत, असेंही त्यांनीं विचारलें. आम्हीं सांगितलें, एका अंध गृहस्थांनीं; तें त्यांनीं बहुधा मास्तरांचा विनोद म्हणून सोडून दिलें.

त्यानंतर एका डॉक्टरांनीं पित्ताची वाट वळविण्यासाठीं आणखी एक शस्त्रक्रिया करतां येईल असें सुचविलें. खोकला नक्की जाईल काय, असें विचारलें असतां त्यांनीं प्रामाणिकपणें हमी दिली नाहीं. सौ. म्हणाल्या, 'अहो, पुन्हां नको. मी ऐकेन तो खोकला.' त्यावर चर्चा झाली नाहीं. २०२४ सालीं पांच वर्षें पूर्ण झालीं. तपासणी होऊन, आतां वर्षांतून एकदां आलां तरी चालेल, असें सांगण्यांत आलें. त्या दिवशीं घरीं साखर वांटली. आम्हीं चिमूटभर घेतली.

खोकला आहे तसा आहे. थंडींत वाढतो, जेवणानंतर येतो, डाव्या कुशीवर वळलों तरी येतो, आणि लग्नकार्यांत मंगलाष्टकांच्या वेळीं हटकून येतो, म्हणून आम्ही मांडवाच्या दाराशीं उभे राहतों. सध्यां आमच्या स्नेह्यांच्या हट्टावरून 'निबंधमाला' पहिल्या अंकापासून वाचावयास घेतली आहे. काल एक वाक्य जवळ जवळ पाऊण पानाचें निघालें. अर्धविरामाशीं एकदां, आणि पुढें एका 'परंतु'पाशीं दुसऱ्यांदां खोकून तें आम्हीं तीन दमांत पैलतीरास नेलें, आणि पुस्तक मिटून कौतुकाची वाट पाहत बसलों.

'पुन्हां वाचा,' स्नेही म्हणाले, 'दुसऱ्या दमांत कर्ता हरवला.'

आम्हीं पाण्याचा एक घोट घेतला, आणि पान पुन्हां उघडलें.